पंतोजींची वजाबाकी

११ जानेवारी

रोजनिशी लिहिणाऱ्यातला मी नव्हे. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात मी ‘कोणताही’ एवढंच लिहून वही मिटली होती. पण काल साहेबांनी हुकूम सोडला, “चूक करताना तुझ्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते रोज लिहीत जा. आम्हाला फार उपयोग होईल.” पहिलं पान लिहून नेऊन दिलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, मग शेजारच्या टेबलावरच्या दाढीला हाक मारून त्यालाही वाचून दाखवलं. दोघं टेबलावर हात आपटून हसले. तेव्हाच ठरवलं. ऑफिसला द्यायचं ते इस्त्री करून, वेगळं. खरं ते इथे.

नोकरी मिळाली तीच मुळात चुकून. गोदामात खोकी उचलली, गाड्या धुतल्या, पाट्या रंगवल्या, कुठेच टिकलो नाही. आबा म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी असती तर निदान गोल फिरून जागेवर तरी आलो असतो. शेवटी वायरमनच्या हाताखाली केबल ओढायला या ऑफिसात आलो. खाली टायरचं दुकान, वर या दोन खोल्या. इथे कॉलेजच्या पोरांना कॉम्प्युटरवर करायचा गणिताचा गृहपाठ बनतो. शिडीवरून उतरताना समोर एक पडदा उघडा दिसला. त्यावर लिहिलेलं, ‘समीकरण सोडवा’, आणि खाली रिकामा चौकोन. रिकामा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवतो. मी लिहिलं, ‘सोडवलं’. सगळं ऑफिस बंद पडलं.

“कुणी केलं हे?” दाढी ओरडला. हा इथला प्रोग्रॅमर. दाढी एवढी, की जेवताना तो ती हाताने बाजूला धरतो.

साहेब पूर्वी कॉलेजात प्रोफेसर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “काय लिहिलंस?” मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. म्हणाले, “आम्ही नुसती बरोबर उत्तरं घालून बघत बसलो. हे आम्हाला जन्मात सुचलं नसतं.”

हुद्दा मिळाला ‘विद्यार्थी’. नववीत जो हुद्दा टाकून पळालो, तोच पगारावर परत.

काम असं. प्रत्येक प्रश्नाच्या मागे एक बीजगणित येणारं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. मी त्याला पंतोजी म्हणतो. पोरानं उत्तर लिहिलं की ते पंतोजींकडे जातं. पंतोजी बरोबर उत्तरातून पोराचं उत्तर वजा करतात. शून्य उरलं की हिरवी खूण, नाहीतर लाल फुली. म्हणजे कुणी ‘एक्स अधिक एक’ लिहो नाहीतर ‘एक अधिक एक्स’, दोघांना न्याय सारखा. दाढीने हे मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. कळलं का, हे कृपया विचारू नये.

१४ जानेवारी

आज टाकी भरायचा प्रश्न. आकडे पंतोजी आयत्या वेळी स्वतः काढतात, प्रत्येक पोराला वेगळे. म्हणजे शेजाऱ्याचं बघून लिहायची सोय नाही. माझं सगळं शिक्षण शेजाऱ्याच्या वहीवर झालेलं, त्यामुळे मला ही पद्धत अमानुष वाटते.

मला आलेल्या टाकीला उणे दोन नळ होते. किती वेळात भरेल? मी लिहिलं, ‘आधी प्लंबरला बोलवा.’ लाल फुली. पण साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला. दाढीचं तोंड उतरलं. नळ किमान एक हवा, हे पंतोजींना सांगायचं तो विसरला होता.

१९ जानेवारी

घरी फोन केला आणि फसलो.

वहिनींचं शिक्षण लग्नात अर्धवट राहिलं होतं, ते त्या आता घरबसल्या पुरं करताहेत. सकाळी बालवाडीत मदतनीस म्हणून जातात, पोरांची नाकं पुसतात, डबे उघडून देतात. तिथल्या बाई या वर्षी निवृत्त होताहेत. वहिनींना पदवी मिळाली तर ती जागा त्यांची. सगळे पेपर झाले, गणिताचा तेवढा राहिलाय. दोनदा बसल्या, दोनदा आपटल्या. आता तिसरी वेळ आणि शेवटची. नंतर कॉलेज नावच काढून टाकतं. त्यातून गृहपाठात साठ टक्के असल्याशिवाय पेपरला बसूही देत नाहीत.

दादा म्हणाला, “अरे, हा गृहपाठ तुमच्याच कंपनीचा आहे! वर तेच चिन्ह आहे. मग झालं की काम! तू शिकव हिला.”

मी म्हणालो, “दादा, मी तिथे...”

मागून आबांचा आवाज आला. “त्याला कशाला विचारायचं? गणिताच्या कंपनीत आहे म्हणजे गणित येणारच. हलवायाकडचा माणूस कधी उपाशी राहतो का?”

मग वहिनींनी फोन घेतला. “काय भावजी, शाळेला पाठ दाखवून पळालात ते थेट गणिताच्याच घरात जाऊन बसलात?”

इथे मी खरं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, “रोज संध्याकाळी सातला फोन करा, वहिनी. अगदी निःसंकोच.” निःसंकोच हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला.

२१ जानेवारी

पहिली शिकवणी. खोलीतला सोबती बेकरीत भट्टीवर असतो, पहाटे जायचं म्हणून संध्याकाळीच झोपतो. त्यामुळे मी जिन्यात बसून शिकवतो.

वहिनी म्हणाल्या, “एक्स अधिक तीन बरोबर सात. म्हणजे एक्स चार, हो ना?”

“अर्थात.”

“आणि हे दुसरं. कंस आधी सोडवायचा का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“आधी.”

“बरोबर दिशेने चालला आहात.”

‘अर्थात’, ‘विचार करा’ आणि ‘बरोबर दिशेने’. एवढ्या तिघांवर मी तासभर गाडी रेटली. शिकवणं इतकं सोपं असेल तर आमच्या शाळेतले सर एवढे का चिडायचे, कोण जाणे.

लाइन मात्र खराब. मधेच वहिनींचा आवाज बंद होतो आणि उंदीर कागद कुरतडतोय अशी नुसती खरखर ऐकू येते. मी आपला हॅलो हॅलो करत राहतो. मग त्या एकदम म्हणतात, “आलं!” म्हणजे रेंज आली असणार.

दादा एकदा चहा मागायला आला, तेव्हा आबा गरजले, “तिला हाका मारू नका, तिकडचा फोन चालू आहे! चहा तुझा तू कर.” दादाने चहा केला. माझ्या गणिताचा घरात एवढा दरारा!

२८ जानेवारी

खरखर जाईना म्हणून नवे इअरफोन घेतले. आता खरखर आणखी स्वच्छ ऐकू येते.

बेकरीवाला उठून पाणी प्यायला आला आणि मला जिन्यात ‘विचार करा, विचार करा’ म्हणताना पाहून थांबला. “तू गणित शिकवतोस? मग उद्यापासून मी विमान चालवतो.” त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पिठात वावरणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

२ फेब्रुवारी

आज मोठा शोध लागला.

प्रश्न होता ‘अवयव पाडा: एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा’. सकाळपासून असल्या प्रश्नांना निरनिराळी चुकीची उत्तरं देऊन मी दमलो होतो. चुका सुचणंसुद्धा कष्टाचं काम आहे, लोकांना वाटतं तसं नाही. शेवटी कंटाळून मी प्रश्नच उचलला आणि उत्तराच्या चौकोनात जसाच्या तसा चिकटवला.

हिरवी खूण!

पुन्हा केलं. वेगळे आकडे, पुन्हा हिरवी. ओळीने सगळा धडा केला. सगळा हिरवागार.

बसून विचार केला, आणि मग लक्षात आलं की यात आश्चर्य कसलं? काही प्रश्न असे असतात की त्यांचं उत्तर ते स्वतःच असतात. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी आज कुठे असतो! दाढीला कळवलं नाही. कळवायचं ते पंतोजी चुकले तर. इथे ते मला बरोबर म्हणाले आहेत. त्यात तक्रार करण्यासारखं काय आहे?

४ फेब्रुवारी

वहिनींचाही अवयवांचाच धडा चालू आहे. मी घसा खाकरून सांगितलं, “वहिनी, प्रश्न हेच उत्तर.”

“म्हणजे?”

“म्हणजे जे विचारलंय तेच खाली लिहायचं.”

खरखर थांबली. “असं कसं, भावजी? अवयव पाडा म्हटलंय ना? फोड म्हटल्यावर अख्खंच परत द्यायचं?”

“वहिनी, तुम्ही फार खोलात जाता. लिहून तर बघा.”

त्यांनी लिहिलं. हिरवी खूण आल्याचं त्यांच्या श्वासावरूनच कळलं. म्हणाल्या, “मला काही हे पटत नाही. पण उद्या बालवाडीत तपासणी आहे, तक्ते रंगवायचे राहिलेत, सासूबाईंचं अंग दुखतंय... आजच्या दिवस करते असं.” आणि सगळा धडा पंधरा मिनिटांत उरकला.

पटत नाही म्हणे! नव्या विचारांना लोकांचा विरोध असतोच.

९ फेब्रुवारी

वहिनींचा गृहपाठ बहात्तर टक्क्यांवर. घरी आनंदीआनंद. आबांनी समोरच्या टपालवाल्याला बोलावून सांगितलं, म्हणे आमचा धाकटा तिकडे गणितात आहे. आईने फोनवर नुसतं “बाळा” म्हटलं आणि रडली. मला भरून आलं आणि भूकही लागली.

येताना साध्या काचेचा चष्मा घेतला. नंबर नाही, पण शिकवताना बरा दिसतो. फोनवर शिकवताना कुणाला दिसतो, असं बेकरीवाल्याने विचारलं. त्याला उत्तर दिलं नाही. सुचलंच नाही.

१३ फेब्रुवारी

आज वहिनींनी स्वतःहून विचारलं, “भावजी, तुमचे ते पंतोजी उत्तर तपासतात कसे हो?”

असा प्रश्न कुणी विचारावा याचीच मी वाट बघत होतो. चष्मा घातला आणि म्हणून दाखवलं. बरोबर उत्तरातून आपलं उत्तर वजा करायचं, शून्य उरलं की हिरवी खूण.

“म्हणजे ते फक्त किंमत एक आहे का बघतात? मांडणी बघत नाहीत?”

“अर्थात.”

“मग मी प्रश्नच उतरवून दिला तर वजाबाकी शून्यच येणार. मी फोड केली असो वा नसो.”

“अर्थात!”

वहिनींनी वही मिटल्याचा आवाज आला. नंतर म्हणाल्या, “आज ठेवते मी.” पोरगी हुशार आहे. असंच शिकवत राहिलो तर कुठल्या कुठे जाईल.

१६ फेब्रुवारी

वहिनींचा फोन नाही. मी केला तर दादाने घेतला. “डोकं दुखतंय म्हणते. तू काही बोललास का रे?” मी कशाला बोलू? फार अभ्यास झाला असेल. शिक्षकाने थोडं हळू घ्यायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी

अरे देवा.

सातला फोन आला. आवाज शांत. आमच्या घरात आवाज शांत झाला की समजावं, भांडी फुटायची बाकी आहेत.

“भावजी, एक काम करा. समजा मी तुम्हाला म्हटलं, ही भाकरी चौघांना वाटा. आणि तुम्ही मला भाकरी अख्खीच परत दिलीत. भाकरी तेवढीच आहे, कमी नाही, जास्त नाही. पण वाटलीत का?”

“नाही.”

“पंतोजी नुसतं भाकरीचं वजन करताहेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. आधी दोनतीनदा लुकलुकली, मग लागली. गेला महिनाभर मी झोपेतही जे वाक्य म्हणत होतो, त्याचा अर्थ मला आज भाकरीवरून कळला. शोध कसला, भोक होतं ते. आणि त्या भोकातून मी सख्ख्या वहिनीला ढकललं.

“तुमच्या साहेबांना सांगा,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, सांगितलं तर दाढी पंतोजींना दुरुस्त करणार. मग पंतोजी जुने गृहपाठ पुन्हा तपासणार. तुमचा अख्खा धडा लाल होईल. साठाच्या खाली याल. पेपरला बसताच येणार नाही!”

“आणि असंच पेपरला बसले तर? कागदावर कोण हिरवी खूण करणार आहे?” मग म्हणाल्या, “भावजी, मला उद्या बालवाडीत पोरांसमोर उभं राहायचंय. मी त्यांना काय सांगू, फळ्यावरचं उतरवून काढा आणि घरी जा?”

माझ्याकडे ‘अर्थात’सुद्धा उरलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

काल साहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेलो. पहिल्यांदा झाडू घेऊन परत आलो, दुसऱ्यांदा स्टेपलर. तिसऱ्यांदा साहेबच म्हणाले, “तुला माझं टेबल आवडलंय का?”

आज सांगितलं. साहेबांनी स्वतः प्रश्न उघडला, उचलला, चिकटवला. हिरवी खूण. त्यांचा चेहरा मात्र लाल.

“हे तुला कधी दिसलं?”

“दोन तारखेला.”

“आणि आज सांगतोस? पोरं सगळीकडे धडाधड प्रश्न चिकटवत असतील! गप्प का बसलास?”

“मला वाटलं, बरोबर आहे.”

साहेबांनी चष्मा वर सरकवला. “खरंच वाटलं?”

“खरंच.”

ते खिडकीकडे वळले. खांदे हलत होते. रागाने की कशाने, मला मागून कळलं नाही. मग वळून म्हणाले, “दाढीला बोलाव.”

मी म्हणालो, “साहेब, पुन्हा तपासताना एक विद्यार्थिनी वगळता येईल का?”

“कोण?”

“माझी वहिनी.”

“पंतोजींना नाती कळत नाहीत,” साहेब म्हणाले. मग कपाळ चोळत, “पण चूक आपली आहे. सगळ्यांनाच महिनाअखेरपर्यंत धडा पुन्हा करू द्या.”

२० फेब्रुवारी

दाढीने नवा नियम घातला. उत्तर प्रश्नासारखंच दिसलं की लाल. मी प्रश्नाला कंस घातला, पुढे ‘गुणिले एक’ लिहिलं. हिरवी खूण. दाढीने दाढी ओढली. सुधारलेल्या नियमात ‘गुणिले एक’ही लाल. त्यानंतर मला काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे नियम पक्का, असं धरून तो घरी गेला.

वहिनी चव्वेचाळीस टक्क्यांवर. दादाचा फोन आला. “काय रे, तुमच्या कंपनीने हिचे गुण काढून घेतले? तू असून?” मी असल्यामुळेच, हे त्याला कसं सांगू? आबा फोनवर आलेच नाहीत.

२२ फेब्रुवारी

शिकवणी पुन्हा सुरू, पण आता उलटी. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही फक्त चुका करा. तुमचं कामच आहे ना ते? मी सांगते, का चूक.”

“एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. गुणाकार बारा आणि बेरीज सात, अशा दोन संख्या?”

“सहा आणि दोन.”

“बेरीज आठ झाली. पुढे?”

“बारा आणि एक.”

“अहो, तेरा! भावजी, बेरीज तरी करा!”

“सात आणि शून्य.”

खूप हसल्या. मागून आबांचा आवाज आला, “काय चाललंय तिथे?” वहिनी म्हणाल्या, “अभ्यास, आबा.” मग हळूच म्हणाल्या, “तीन आणि चार, भावजी. पण सात आणि शून्य का नाही, ते सांगताना मला नीट कळलं.”

म्हणजे माझा उपयोग आहे. खुंटीचा असतो तसा.

२५ फेब्रुवारी

एक भयंकर गोष्ट घडली. आज ऑफिसात मला चूक करायची होती आणि मी बरोबर उत्तर दिलं. दोन आणि पाच. आपोआप आलं. घाईघाईने खोडून ‘नऊ आणि अडगळ’ लिहिलं, पण दाढीने पाहिलं होतं. सांगेल का साहेबांना? विद्यार्थ्याला गणित यायला लागलं तर ठेवतील कशाला?

खरखर अजून आहेच. फोन कंपनीत तक्रार केली. ते म्हणतात, लाइन ठणठणीत आहे.

२८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाच्या आधीच वहिनींचा फोन.

“साठाला एक प्रश्न कमी पडतोय. हा शेवटचा. आणि याचे अवयव पडतच नाहीत.”

“विचार करा,” मी सवयीने म्हणालो.

“दुपारपासून तेच करतेय! एक्स वर्ग अधिक चार एक्स अधिक पाच. याची फोडच होत नाही, भावजी. मग उत्तर काय, आहे तेच. तसं लिहिलं तर लाल. आठला गृहपाठ बंद होईल.” आवाज कापत होता. वहिनींचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता.

पळत ऑफिस गाठलं. खाली टायरवाला शटर ओढत होता. वर साहेब हेल्मेट घालून निघाले होते.

“साहेब, प्रश्न चुकलाय! म्हणजे प्रश्न बरोबर आहे, उत्तर तेच आहे, पण लाल येतंय!”

“कशावरून?”

“वहिनी म्हणतात.”

“तू करून पाहिलंस?”

कुणीतरी ढकलल्यासारखा मी फळ्यापाशी गेलो. “पाच कशाचा गुणाकार? एक पंचे पाच. दुसरं काही नाही. बेरीज सहा. हवी चार. दोन्ही उणे घेतले तरी गुणाकार पाच, पण बेरीज उणे सहा. म्हणजे नाहीच.”

“उणे घ्यायचं कसं सुचलं?” हेल्मेटच्या आतून आवाज आला.

“वहिनी घेतात.”

“आणि अपूर्णांक?”

“ते... ते आम्ही अजून घेतले नाहीत.” खडू हातातच मोडला.

दाढीने पंतोजींनाच विचारलं, याची फोड करा. पंतोजींनी प्रश्न जसाच्या तसा परत केला. दाढीने डोक्याला हात लावला. “नळांसारखंच झालं. आकडे काढताना फोड होते की नाही, हे तपासायला हवं होतं. आणि मी तर उतरवलेलं दिसलं की सरसकट लाल केलं.”

सात वाजून गेल्यावर नियम बदलला. वहिनींना फोन लावून म्हणालो, “आता लिहा.”

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. मग “हिरवी” एवढंच म्हणाल्या आणि फोन दादाच्या हातात दिला. दादा म्हणाला, “अरे, ही रडतेय! तू पुन्हा काय केलंस?”

साहेबांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, “उद्यापासून तुला विद्यार्थी म्हणून ठेवता येणार नाही.”

मी ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१ मार्च

रात्रीच सामान बांधून ठेवलं होतं. बेकरीवाल्याने वाटेत खायला पाव दिले, फार बोलला नाही. चांगला माणूस आहे.

ऑफिसात साहेब म्हणाले, “पोरांची चूक झाली की आपण नुसती फुली मारतो. त्या जागी काय सांगायचं, ते तू लिही. चुकीचं उत्तर का सुचलं असेल, हे तुझ्याइतकं इथे कुणाला कळतं?”

म्हणजे विद्यार्थी होतो, आता फुलीच्या बाजूला बसणार. बढती म्हणावी असं यात काही दिसत नाही. पाव तेवढे परत द्यावे लागले. दोन आधीच खाल्ले होते.

२३ मे

निकाल. वहिनी पास! काठावर नव्हे, चांगल्या पास. बालवाडीची जागा जूनपासून त्यांची.

आधी आबा फोनवर आले. बरेच दिवसांनी. “शाबास. तू शिकवलंस म्हणून झालं.”

मी म्हणालो, “आबा, खरं सांगू? मी काही शिकवलं नाही. मलाच काही येत नव्हतं. वहिनींनी मला शिकवलं.”

आबा फोन तोंडापासून लांब धरून दादाला म्हणाले, “ऐकलंस? एवढं शिकून पोरगा किती नम्र झालाय!”

मग वहिनी आल्या. मी म्हणालो, “अभिनंदन, बाई.” त्या हसल्या. म्हणाल्या, “भावजी, मी पुढच्या पदवीसाठी नाव घातलंय. संख्याशास्त्र आहे. सातचा फोन चालू ठेवाल ना?”

“वहिनी, आता खोटं बोलणार नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. संख्याशास्त्र म्हणजे काय, तेसुद्धा माहीत नाही.”

“मग तर कराच,” त्या म्हणाल्या. “आणि ऐका, गप्प बसलात तरी चालेल. फक्त फोन ठेवू नका.” मागे आबा दादाला दटावत होते, “तिचा फोन चालू आहे, चहा तुझा तू कर!”

मला यातलं काही समजलं नाही. ज्याला काही येत नाही आणि जो गप्प बसणार, असा शिक्षक कुणाला कशाला हवा? पण वहिनी हुशार आहेत, त्यांचा काही हिशेब असेल. उद्या दाढीला विचारून ठेवतो, संख्याशास्त्र कशाशी खातात ते. सात वाजायच्या आत.